घोडे खाई भाडे

(मुकुंदवाडी येथे बचत गटांतील भगिनी व पक्षकार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुकुंदवाडीत उभे राहून वाहतुकीच्या खर्चाविषयी बोलायचे, तर आरंभ पाण्यापासून करावा लागेल. २०१९ साली मराठवाड्यात पावसाने ओढ दिली होती. तेव्हा या वस्तीतली मुले आगगाडीत चढत, त्या वेळच्या औरंगाबाद स्थानकावर उतरत, नळावर भांडी भरून घेत आणि परतीच्या गाडीने घरी येत. त्यांच्या बातम्या देशविदेशांत छापून आल्या. स्थानकावरच्या त्या पाण्याला पैसे पडत नव्हते. पण ते घरापर्यंत आणण्याची किंमत मुलांच्या खेळण्याच्या आणि अभ्यासाच्या तासांतून रोज वसूल होत होती. ज्या खर्चाची पावती फाटत नाही, तो खर्च झालाच नाही असे मानण्याची आपल्याला सवय आहे. आणि न मोजलेला खर्च नेहमी घरातल्या सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन बसतो. मी आज जे सांगणार आहे, त्याचे सार एवढेच आहे.

आपल्या गटांतील भगिनी आता ऑनलाइन विक्री करू लागल्या आहेत. गोधड्या, दुपटी, पापड, चटण्या, कापडी पिशव्या असा माल मोबाइलवर दाखवायचा आणि मागणी येईल तिकडे पाठवायचा. मधला व्यापारी टळतो, गिऱ्हाईक थेट भेटते, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु वर्षाअखेर वह्या उघडल्या की विक्री वाढलेली आणि हाती उरलेली रक्कम मात्र घटलेली, असे चमत्कारिक चित्र दिसते. आपल्याकडे जुनी म्हण आहे : घोडे खाई भाडे. टांग्याची सारी कमाई घोड्याच्या दाणावैरणीतच संपावी, तसे हे झाले आहे.

एका गोधडीची हकीगत सांगतो. तिचा हिशेब मीच करून दिला होता आणि तो चुकला, म्हणून ती सांगण्याचा मला अधिकार आहे. गोधडीची किंमत ठरली १,२०० रुपये. कापड, अस्तर, दोरा मिळून ४५० गेले. ऑनलाइन बाजारपेठेचे कमिशन १८०. गोधडीचे वजन दोन किलोंच्या आत होते, तेव्हा पाठवणीचे ११० रुपये धरले. उरले ४६०. आठ दिवस सुई चालवणाऱ्या भगिनीची ती मजुरी. मुळात तीच अपुरी होती. पुढे कुरियरचे बिल आले, ते ४०० रुपयांचे! मी तावातावाने विचारणा केली. उत्तर मिळाले की पार्सल साडेसहा किलोंचे धरले आहे. माझा त्यावर विश्वास बसेना.

पण त्यांचे गणित त्यांच्या नियमाला धरून होते. गाडीत जड माल जेवढा भार घालतो, तेवढीच हलका पण फुगीर माल जागा अडवतो. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५,००० ने भागतात. जो आकडा येतो, ते त्या खोक्याचे आकारमानावरून काढलेले वजन. हे वजन आणि तराजूवरचे वजन, यांत जे अधिक असेल त्यावर भाडे आकारतात. आमचे खोके होते ४५ बाय ३५ बाय २०. गुणाकार ३१,५००, भागिले ५,००० म्हणजे ६.३ किलो. भाडे अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढत असल्यामुळे ते झाले साडेसहा. आम्ही गोधडीचे पैसे मोजले होते. खोक्यातल्या हवेचे मोजले नव्हते. तो जादा २९० रुपयांचा भार ना गिऱ्हाइकावर पडला, ना बाजारपेठेवर. तो त्या भगिनीच्या मजुरीतून गेला. ४६० चे १७० झाले. आठ दिवसांचे १७०, म्हणजे रोजचे एकवीस रुपये! कोणा मालकाने हा रोज दिला असता, तर आपण त्याच्या दारात मोर्चा नेला असता. येथे मालक कोणी नव्हता. होता तो आपलाच अडाणीपणा.

पुढच्या खेपेस आम्ही गोधडी घट्ट गुंडाळून, सुतळीने आवळून ४० बाय ३० बाय १२ च्या खोक्यात बसवली. आकार आला १४,४००, वजन धरले गेले तीन किलो. केवळ घडी नीट घातल्याने भाडे निम्म्याहून खाली आले. चटणी-पापडाचेही असेच. माल ४७० ग्रॅम भरला म्हणून अर्ध्या किलोचे भाडे धरायचे आणि डबा, कागद, खोके चढवल्यावर पार्सल ५६० ग्रॅमचे व्हायचे, की लागलेच एका किलोचे पैसे. तेव्हा वजन करायचे ते बांधाबांध झाल्यावर, आधी नव्हे.

दुसरा खड्डा परत येणाऱ्या मालाचा. जुन्या प्रकाशकांना आणि नियतकालिके चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. १८७७ साली आपल्या देशात टपालाची व्ही.पी. सुरू झाली, तेव्हापासून न सोडवलेल्या व्ही.पी.चे दुःख आपण जाणतो. आज त्याच पद्धतीला ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतात. समजा, ८० रुपये भाड्याने दहा पार्सले धाडली आणि दोन परत आली. जाण्याचे ८०० आणि परतीचे १६०, एकूण ९६० रुपये विकल्या गेलेल्या आठ पार्सलांवर वाटायचे. पार्सलमागे पडले १२० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, की १४१ रुपये ६० पैसे. नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याला या कराची वजावट मिळते. आपल्या नोंदणी नसलेल्या गटाला ती मिळत नाही. ज्या वस्तूचे भाडे आपण ८० समजत होतो, ते खरे १४१ होते!

नियमाची एक बाजूही येथेच सांगून ठेवतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला कराची नोंदणी न करता, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकण्याची मुभा मिळाली आहे. पण ती आपल्या राज्यापुरती. म्हणजे नोंदणी नसलेल्या गटाने या बाजारपेठांवर विकताना महाराष्ट्रातले भाडेपट्टे पाठ करावेत. आसाम-काश्मीरचे दर त्याच्या कामाचे नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाडे भरायचे कोणी? मोठ्या कंपन्यांनी ‘फ्री डिलिव्हरी’ या शब्दांची अशी मोहिनी घातली आहे, की भाडे मागणारा विक्रेता गिऱ्हाइकाला लबाड वाटू लागतो. परंतु साथींनो, जगात फुकट वाहतूक कोठेही होत नाही. गाडीला इंधन लागते, गुदामाला भाडे लागते आणि जिना चढून पार्सल आणणाऱ्या तरुणाला पोट असते. ‘फुकट’ याचा अर्थ एवढाच, की हा खर्च कोणाच्या तरी नावावर न दाखवता टाकला आहे : वस्तूच्या वाढीव किमतीत, विक्रेत्याच्या कमिशनमध्ये, किंवा त्या तरुणाच्या घामात. आपल्या नियतकालिकांतील पुस्तकांच्या जाहिरातीखाली पूर्वी एक ओळ असे : ‘टपालखर्च निराळा’. त्या ओळीत व्यवहाराची सचोटी होती. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनीही विक्रेत्यावर तेच बंधन घातले आहे : एकूण किंमत एका आकड्यात सांगा आणि तिच्यातले पाठवणीचे, हाताळणीचे व कराचे आकडे फोड करून दाखवा. आपण हा नियम ओझे न मानता ढाल म्हणून वापरावा.

यावर एक आक्षेप येईल. सर्वांना सारखे भाडे हे समतेचे तत्त्व नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडात रोलंड हिल यांनी १८३७ साली दाखवून दिले, की पत्र पोचवण्यात अंतराचा खर्च नगण्य असतो. खरा खर्च गोळा करण्याचा, वाटण्याचा व हिशेबाचा. त्यातून १८४० ची पेनी टपाल योजना निघाली, आणि १८५४ पासून आपल्याकडेही अंतर न पाहता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. गरिबाचे पत्रही दूर गेले. ही समता खरी, कारण तिचा भार सार्वजनिक यंत्रणेने उचलला. पण समान भाड्याचा दुसराही इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर पोलाद आणि कोळसा देशभर सारख्या दराने मिळावा, म्हणून १९५० च्या दशकापासून भाडे समानीकरणाचे धोरण आले व ते १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकले. परिणाम असा, की खाणी बिहारात आणि कारखाने दूरच्या किनाऱ्यावर. त्याचा लाभ झालेल्यांत आपला महाराष्ट्र आहे, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. तेव्हा ‘सारखे’ या शब्दावर न भाळता त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारले पाहिजे. सरकारी टपालाने दिलेली समानता आणि शिलाई करणाऱ्या बाईच्या पदरातून काढलेली समानता एक नव्हेत.

शिवाय भाडे स्वभावतःच गरिबाच्या मालावर अधिक पडते. पैठणची किंवा येवल्याची पैठणी लहान घडीत हजारोंची किंमत नेते; तिच्या किमतीत पाठवणीचे शे-सव्वाशे रुपये कोठच्या कोठे विरून जातात. गोधडी स्वस्त आणि फुगीर. तिचे भाडे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून सार्वजनिक टपाल बळकट असणे हा केवळ टपाल कामगारांच्या संघटनेचा विषय राहत नाही. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर निराळा. पाच किलो पुस्तके शंभर रुपयांत पोचवता येतात, तर बचत गटांच्या हातमालासाठी तसा दर का मिळू नये? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

मात्र स्वस्त भाडे मागताना ओझे वाहणाऱ्याला विसरू नका. हमालाच्या श्रमाला नियम आणि संरक्षण असावे, असा माथाडी कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला. घरोघर पार्सले पोचवणाऱ्या तरुणांची दखल घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा त्यांच्यासाठी द्यावा, अशी तरतूद तीत आहे. त्या पैशाचाही भार भाड्यातच यायचा, आणि तो येणे न्याय्य आहे. आपली मजुरी वाचवण्यासाठी दुसऱ्याची बुडवणे हा आपला मार्ग नव्हे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक गटाला एक तराजू आणि एक मोजपट्टी घेऊन द्या. वहीत पाच रकाने आखा : बांधलेल्या पार्सलाचे वजन, त्याचा आकार, धरलेले भाडे, प्रत्यक्ष लागलेले भाडे, आणि परत आले की नाही. तीन महिन्यांनी ती वही गटासमोर मोठ्याने वाचा आणि मगच किंमत ठरवा. किंमत ठरवताना मजुरी आधी लिहा. ती शेवटी उरलेल्या जागेत भरायची वस्तू नव्हे. एवढ्याने क्रांती होणार नाही. पण या वस्तीतल्या बाईला आपल्या आठ दिवसांचे मोल किती आणि ते कोठे गेले, हे तरी कळेल. पाण्यासाठी आगगाडीने गेलेल्या मुलांचे तास कोणत्याच वहीत लिहिले गेले नाहीत. त्यांच्या आयांचे तास तरी आपण लिहू या.