कोंबडीच्या खाद्यातील औषध आणि आपली मुले
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्यातील एका पालकांनी नुकताच कोंबडीपालनाचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी मला विचारले, "पिल्ले धडधाकट आहेत. तरी खाद्यविक्रेता म्हणतो, पहिल्या दिवसापासून खाद्यात थोडे अँटिबायोटिक मिसळा, वजन लवकर भरेल. मिसळू का?" मी "नको" म्हणालो. त्या नकाराची कारणे आज आपणांपुढे मांडतो. हा प्रश्न केवळ कोंबडीवाल्यांचा नाही. ज्या घरात लहान मूल आहे, त्या प्रत्येक घराचा आहे.

प्रथम विद्यार्थ्यांसाठी थोडे शास्त्र. काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या कोट्यवधींच्या गर्दीत एखादा औषधाला दाद न देणारा निघतो. बाकीचे मेले की त्याला रान मोकळे मिळते. औषधाची मात्रा थोडी आणि दिवस पुष्कळ, असे झाले की त्याचे चांगलेच फावते. शिवाय परीक्षेत एकाने दुसऱ्याला चिठ्ठी सरकवावी, तसा एक जंतू ही शक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता.

पण पुढे काही वर्षांतच अमेरिकेत आढळले की, खाद्यात ऑरिओमायसिन असले म्हणजे पिल्ले झपाट्याने वाढतात. रोग नसतानाही औषध देण्याची चाल तेथून पसरली.

तिचा परिणाम काय झाला? अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शेतावर डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी प्रयोग केला व १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातले. आठवड्याभरात त्यांच्या आतड्यातील बहुतेक जंतू त्या औषधाला पुरून उरणारे झाले. पाच-सहा महिन्यांत तसेच जंतू शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही वाढलेले दिसले. औषध घातले कोंबडीच्या खाद्यात, बदल झाला माणसाच्या पोटात!

दुसरे उदाहरण कोलिस्टिनचे. इतर औषधे हरली की डॉक्टर हे शेवटचे हत्यार काढतात. २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, त्याला दाद न देण्याची शक्ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. ती जनावरांत, कच्च्या मांसात आणि रुग्णांतही सापडली. आपल्या भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता कोलिस्टिनच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली, ती याच भीतीने.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये कोंबड्यांच्या खाद्यात ॲव्होपार्सिन वापरीत. ते माणसांच्या व्हँकोमायसिन या मोलाच्या औषधाचे भावंड. १९९५ साली तेथे त्यावर बंदी आली. तेव्हा कोंबड्यांतील एका जातीचे जवळजवळ तीन-चतुर्थांश जंतू अशा औषधांना दाद देत नव्हते. २००० सालापर्यंत हे प्रमाण दहांत एकाहूनही खाली आले.

आजारी जनावराला औषध देऊच नये, असे मी म्हणत नाही. मुक्या जीवाला तडफडत ठेवणे हा अन्याय होय. परंतु औषध पशुवैद्याला विचारून, ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस द्यावे. गाईम्हशीच्या सुजलेल्या कासेत औषधाची ट्यूब सोडली असेल, तर सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीत घालू नये. नुकसान होते खरे, पण ते दूध कोणाच्या तरी बाळाच्या वाटीत जाणार असते. लसीकरण, कोरडे तूस, स्वच्छ पाणी आणि पुरेशी जागा यांनी निम्मे रोग दाराबाहेरच अडतात.

भगिनींना एवढेच सांगणे की, मांस पूर्ण शिजवा. कच्च्या मांसाची सुरी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला लावू नका. आणि साध्या सर्दीसाठी मुलांना उरलेल्या गोळ्या देऊ नका. खुराड्यातला नियम घरातही तोच.

त्या पालकांनी शेवटी विचारले, "वजन थोडे कमी भरले तर?" मी म्हणालो, "काही रुपये कमी मिळतील. पण उद्या तुमच्या मुलाला न्युमोनिया झाला, तर डॉक्टरांच्या हाती चालणारे औषध असायला हवे." आपणही हाच हिशेब घरी करून पाहावा, ही विनंती.