मते दोन कोटी, जागा शून्य

२०१४च्या लोकसभा निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरात दोन कोटींहून अधिक मते पडली. मतांच्या क्रमवारीत पक्ष तिसरा. जागा मात्र एकही नाही! भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा. यात लबाडी कुणाची नव्हती. मतदारसंघात एका मतानेही पुढे असेल तो विजयी, हा आपला नियमच आहे.

जर्मनीत मतदार उमेदवाराला एक आणि पक्षाला एक, अशी दोन मते देतो. पण गंमत अशी की, तिथली पाच टक्क्यांची अट देशपातळीवर लावली, तर बसपा पुन्हा बाहेरच! म्हणून मला वाटते, आपल्याकडे हिशेब राज्यवार हवा. उत्तर प्रदेशात बसपाची मते १९ टक्क्यांवर होती. त्या प्रमाणात ८०पैकी पंधरा तरी खासदार आले असते.