तिघं गेले होते, दोघं कुठं आहेत?

(भंडारदरा इथं भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)

मित्रांनो,

मी काही वक्ता नाही. मॅट्रिक झालोय, मुंबईच्या गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो. मला विषय दिला 'हरवलेली माणसं आणि मोबाइलवरची गर्दी'. मी म्हटलं, बोलतो. पण सुरुवात मोबाइलपासून नाही, समोरच्या या पाण्यापासून करतो.

हे विल्सन धरण. १९२६ साली पुरं झालं. नाव गोऱ्या गव्हर्नरचं, डोंगरात राहणार महादेव कोळी आणि ठाकर, आणि पाणी जाणार खाली उसाला. इथून सुटलेली प्रवरा अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते आणि पुढं प्रवरासंगमाला गोदावरीत पडते. नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव. साऱ्या विश्वाचं भलं मागितलं ते गाव. त्याच नेवासे तालुक्यात सोनई आहे.

सोनईत १ जानेवारी २०१३ ला काय झालं, हे तुमच्यातल्या कितीजणांना माहीत आहे? हात वर करा. बघा. नगर जिल्ह्यात बसलोय, आता अहिल्यानगर म्हणतात, आणि एवढेच हात.

मग ऐका. सचिन घारू, संदीप थनवार, राहुल कंडारे. तिघंही विशी-पंचविशीतले, तिघंही मेहतर. नेवासे फाट्यावरच्या एका शिक्षणसंस्थेत सफाईचं काम करायचे. सचिनचं एका मराठा मुलीवर प्रेम होतं, तिचं त्याच्यावर. मुलीच्या घरच्यांनी बोलावणं धाडलं, संडासाची टाकी साफ करायची आहे, या. काम म्हटल्यावर तिघं गेले. पोट घेऊन गेले.

पहिल्यांदा जी गोष्ट बाहेर आली ती अशी, की संदीप टाकीत पडून मेला. अपघात. हळहळ व्यक्त करा आणि घरी जा.

पण कुणीतरी साधा प्रश्न विचारला. तिघं गेले होते, दोघं कुठं आहेत?

या एका प्रश्नावर सगळं बिंग फुटलं. राहुल आणि सचिनची प्रेतं कोरड्या विहिरीत सापडली. सचिनच्या देहाचे तुकडे केले होते. संदीप पडला नव्हता, त्याला टाकीत बुडवून मारलं होतं.

दोस्तांनो, मारणाऱ्यांनी टाकी का निवडली, याचा विचार करा. गावात नदी आहे, उसाचे फड आहेत. पण मेहतराचं पोरगं मैल्याच्या टाकीत मेलं तर या देशात कुणाची भुवईसुद्धा वर जात नाही. टाकीत वायू साचतो, माणूस उतरतो, श्वास घेतो आणि आडवा होतो. हे इतक्यांदा झालंय की ते मरण आता त्या जातीच्या नावावरच लिहून ठेवलंय. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अशा मरणाला दहा लाख भरपाई सांगितली, २०२३ साली तीस लाख केली. दर वाढला. उतरणं थांबलं नाही. मारेकऱ्यांना हे सगळं पाठ होतं. आपण प्रश्न विचारत नाही, याच भरवशावर त्यांनी खून रचला होता.

तारीख पुन्हा बघा. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीच्या बसमध्ये त्या मुलीवर अत्याचार झाला, २९ डिसेंबरला ती गेली. सारा देश रस्त्यावर होता, आणि असायलाच पाहिजे होता. त्या मुलीविषयी माझ्या मनात तीळभर दुजाभाव नाही. मी फक्त दिवस मोजतो. २९, ३०, ३१, आणि १. मेणबत्त्या अजून विझल्या नव्हत्या. त्यातली एकही सोनईपर्यंत आली नाही.

आता मोबाइलवर येतो. आणि इथं मला स्वतःचीच लाज सांगायची आहे.

नोव्हेंबर २०२२. वसईच्या श्रद्धा वालकरची केस तुम्हाला आठवत असेल. वसईत हरवल्याची तक्रार, आणि दिल्लीत उघडकीला आलेला खून. मे महिन्यात मारली, नोव्हेंबरात आरोपी पकडला. आख्खा देश मोबाइलात डोकं घालून तपास करत होता. जो तो पोलीस, जो तो वकील. मीपण. जेवणाच्या सुट्टीत गोदीच्या भिंतीला टेकून बघायचो. तिच्या घरातला फ्रिज किती लिटरचा, जंगलात कुठल्या बाजूला काय सापडलं, सगळं तोंडपाठ.

त्याच महिन्यात आमच्या टोळीतला एक गडी कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही चारजण मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "प्यायला असेल. चोवीस तास थांबा." मी म्हटलं, तीन दिवस झाले साहेब. मग त्यानं कागद घेतला. पूर्ण नाव? बापाचं नाव? गाव कुठलं? अंगावर काय होतं? अंगावर खूण काय?

मी गप्प. दोन वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून पोती उचलली. त्याला आम्ही 'लंबू' म्हणायचो. लंबूचं आडनाव मला माहीत नव्हतं. दिल्लीतला फ्रिज माहीत होता.

गोदीत एक पेटी कमी उतरली तर काय धावपळ होते ते मी रोज बघतो. टॅलीवाला कागद काढतो, पुन्हा मोजणी, जबाब, नुकसानभरपाईचे दावे. पेटीला नंबर असतो, मालक असतो. लंबूला नंबर नव्हता. पाचव्या दिवशी एका सरकारी हॉस्पिटलात सापडला, खाटेवर पाटी, 'अनोळखी इसम'. वाचला. गाडीनं उडवला होता. आम्ही शोधला म्हणून सापडला. कुणी बघत होतं म्हणून नव्हे.

बघणं वेगळं आणि शोधणं वेगळं. एवढंच मला आज सांगायचंय. बाकी सगळं त्याचा विस्तार.

श्रद्धानं नोव्हेंबर २०२० मध्येच नालासोपाऱ्याच्या तुळिंज पोलिसांना लिहून दिलं होतं, की हा मला मारून तुकडे करीन म्हणतो. जिवंत बाईचा कागद होता तो. तेव्हा बघायला गर्दी नव्हती. मेल्यावर आली, आणि तिनं काय केलं? आरोपीचा धर्म बघितला. १३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्र सरकारनं समिती काढली, आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' तेवढं गाळलं. म्हणजे ज्या प्रेमापायी सचिनचे तुकडे झाले, त्या प्रेमाला राखण द्यायची सोडून त्याच्यावर पाळत ठेवायला निघाले होते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं, की जात मोडायची तर रक्त मिसळलं पाहिजे, लग्नं झाली पाहिजेत. सरकारनं त्याचीच फाईल उघडली.

तुम्ही म्हणाल, मग मोबाइल फेकून द्यायचे का? नाही. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. भैयालाल भोतमांगे त्या रात्री आंधळगावच्या पोलीस ठाण्यात गेले, माणसं नाहीशी झाली म्हणून. दुसऱ्या दिवशी कालव्यात प्रेत लागलं. मोठ्या पेपरांनी कित्येक दिवस धड दखलच घेतली नाही. तेव्हा आपल्याच पोरांनी मेसेज पाठवले, इंटरनेटवर चढवलं, झेरॉक्स काढून वस्तीवस्तीत वाटलं. नोव्हेंबरात मोर्चे निघाले, तेव्हा कुठं महाराष्ट्र जागा झाला. आणि सरकारला मोर्चात नक्षलवादी दिसले! ती गर्दी शोधणारी होती.

पण तिथंही आपण एक चूक केली. प्रेतांचे फोटो हातोहात फिरले. आपल्याच आयाबहिणींचे उघडे देह आपणच दाखवत सुटलो. ज्यांनी जिवंतपणी विटंबना केली त्यांचं काम मेल्यावर आपण पुढं चालवायचं काय? फोटो पोलिसात द्या, कोर्टात द्या, वकिलाला द्या. फॉरवर्ड करू नका.

दुसरी गोष्ट. १ जुलै २०१८, राईनपाडा, धुळे जिल्हा. मोबाइलवर अफवा, की पोरं पळवणारी टोळी आलीय. एकही पोर हरवलं नव्हतं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके बाजारात आले होते, भीक मागून खाणारे. गर्दीनं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. इथं हरवलेलं माणूसच नव्हतं, शोधणाऱ्यांनीच खून केला. गर्दीला चेहरा लागतो, मित्रांनो, आणि तो ती नेहमी गावकुसाबाहेरचा उचलते.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. ऑक्टोबर २०१४, जवखेडे खालसा, पाथर्डी तालुका. एका दलित कुटुंबातल्या तिघांना मारून, तुकडे करून विहिरीत टाकलं. आपण दुसऱ्या दिवसापासून मारेकऱ्याची जात सांगत सुटलो. डिसेंबरात पोलिसांनी नातेवाइकांनाच पकडलं. पकडलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नव्हे, हेही आपल्याला कळायला पाहिजे. संशय घेणं आपला हक्क आहे, इतिहासानं दिलेला. निकाल देणं आपला हक्क नाही.

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात कठीण. खर्डा, जामखेड तालुका, २८ एप्रिल २०१४. नितीन आगे, शाळेत शिकणारं पोर. मुलीशी बोलला म्हणून मारला, झाडाला लटकवला. तेव्हा मोर्चे झाले, पुढारी येऊन गेले, मोबाइलवर फोटोला हार घातले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्या साडेतीन वर्षांत साक्षीदारांच्या घरी आपल्यातलं कोण जाऊन बसलं? त्यांच्या पिठामिठाचं कोण बघत होतं? त्यांना त्याच गावात राहायचं होतं, त्याच रानात मजुरीला जायचं होतं.

सोनईचा खटला बघा. तो नगरमधून नाशिकला हलवावा लागला, तेव्हा कुठं २० जानेवारी २०१८ ला सहाजणांना फाशी सुनावली. डिसेंबर २०१९ ला हायकोर्टानं चौघांची कायम केली. फाशी असावी की नसावी, यावर माझं तुमचं भांडण होईल, ते रात्री शेकोटीवर करू. मी एवढंच म्हणतो, की तिथं साक्ष टिकली. पाच वर्षं मेलेल्यांच्या घरचे कोर्टाच्या दारात उभे राहिले. कुणी बघत नसताना.

म्हणून इथून जाताना काय न्यायचं ते सांगतो. वस्तीतलं माणूस हरवलं तर चोवीस तास थांबायचा कुठलाही कायदा नाही. त्याच घटकेला जा, एकट्यानं नाही, चौघं जा. गुन्ह्याचा संशय असेल तर 'आमची हद्द नाही' हे चालत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंदवावंच लागतं. नोंदवलेल्या गुन्ह्याची नक्कल फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. अट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे, कलम १५ अ मध्ये साक्षीदाराच्या संरक्षणाची तरतूद आहे. ही दोन कलमं पाठ करा. माझ्या कविता पाठ केल्या नाहीत तरी चालेल.

आणि आज रात्री झोपायच्या आधी शेजारी जो झोपलाय त्याचं पूर्ण नाव विचारा. बापाचं नाव, आईचं नाव, गाव. अंगावरची खूण. लंबूचं मी आता विचारून घेतलंय. वहीत लिहून ठेवलंय. टोळीतल्या सगळ्यांचं लिहिलंय.

कारण 'अपघात झाला' असं कुणी उद्या येऊन सांगेल, तेव्हा मोजायला कुणीतरी पाहिजे. किती गेले होते, किती परत आले.

जयभीम.