मुलांचे सायकल हेल्मेट : मापाचे आणि नेमाचे
(चंडीगढच्या आयटी पार्क परिसरातील मराठी पालकांसाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीनिमित्त आपण महाराष्ट्रातून या सुनियोजित नगरात आलात. येथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आहेत, रस्ते रुंद आहेत, सावली आहे. मुलाला सायकल घेऊन द्यावी असे येथे सहज वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र घराच्या फाटकापासून सायकल मार्गापर्यंतचे अंतर मुलाला मोटारींच्या सोबतीनेच कापावे लागते. किशनगढ-मनीमाजऱ्याच्या बाजूला कार्यालये सुटण्याची आणि मुलांच्या खेळाची वेळ एकच असते, हे आपण रोज पाहता.

धोका केवळ मोटारीचाच असतो असे नाही. खडीवरून चाक घसरते, मूल तोल जाऊन पदपथाच्या कडेवर आपटते. एवढी उंचीही कवटीला इजा होण्यास पुरेशी असते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, त्यामुळे पडताना ते पुढे झुकते. हाताचे हाड मोडले तर ते जुळते. मेंदूची इजा मात्र स्मरण, वाचा आणि स्वभाव यांवर आयुष्यभराची खूण ठेवू शकते.

हेल्मेटच्या कवचाखाली कठीण फोमचा थर असतो. आघात होताच तो थर चेपतो आणि डोक्याला बसणारा धक्का काही अंशी स्वतःवर घेतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतलेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार, अपघातात सापडलेल्या सायकलस्वारांत हेल्मेटमुळे डोक्याच्या व मेंदूच्या इजेचा धोका 63 ते 88 टक्क्यांनी घटतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्येच सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्याकडे सायकल हे मोटार वाहन नसल्याने मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती तिला लागू होत नाही. म्हणून हा निर्णय पालकांनाच घ्यावयाचा आहे. दुचाकीवर मागे बसणाऱ्या बालकांचा विचार मात्र कायद्याने केला आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये अधिसूचित नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकास त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट अथवा ठरावीक मानकांचे सायकल हेल्मेट घालणे आवश्यक आहे.

नियमातील ‘मापाचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘दोन वर्षे चालेल’ म्हणून कपड्यांप्रमाणे मोठे हेल्मेट घेऊ नये. सैल हेल्मेट पडण्याच्या क्षणी मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते. कपाळावरून, भुवयांच्या किंचित वरून, डोक्याचा घेर फितीने मोजा आणि मुलाला दुकानात सोबत न्या. घरी पुढील तपासणी करा :

1. हेल्मेट डोक्यावर आडवे, समतल बसावे. त्याची कड भुवयांच्या वर एक ते दोन बोटे असावी.
2. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे जुळावेत.
3. हनुवटीखालील पट्ट्यात एक बोट जाईल एवढीच जागा असावी. मुलाने मोठी जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढले गेले पाहिजे.
4. मुलाला मान हलवण्यास सांगा. हेल्मेट घसरले, तर पट्टे अथवा मागील चक्री पुन्हा आवळा.

चंडीगढच्या हिवाळ्यात लोकरीची जाड टोपी घालून वर हेल्मेट चढवले जाते. त्यामुळे माप बिघडते. उंच बांधलेले केसही हेल्मेट वर उचलतात. वेणी मानेलगत घालावी. पटका बांधणाऱ्या शीख मुलांच्या बाबतीत त्यांच्या श्रद्धेचा मान राखून, केसांच्या जुड्यासाठी जागा असलेल्या खास हेल्मेटची माहिती त्यांच्या पालकांना द्यावी. धुक्याच्या दिवसांत मुलांनी शक्यतो सायकल काढू नये. काढावीच लागली तर सायकलला दिवा आणि अंगावर चकाकणारी पट्टी असावी.

मोठ्यांचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलाला देऊ नका. त्याचे वजन कोवळ्या मानेस पेलत नाही. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे, कारण चेपलेला फोम पुन्हा तेवढे रक्षण करीत नाही. घसरगुंडीवर वा झाडावर चढताना हेल्मेट काढून ठेवावे. पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

सक्तीपेक्षा सवय टिकते. रंग मुलाला निवडू द्या. पहिल्या दिवसापासून, सोसायटीच्या आवारातील फेरीलासुद्धा, ‘हेल्मेट नाही तर सायकल नाही’ हा नेम ठेवा. आणि आपण स्वतः सायकल चालवताना उघड्या डोक्याने निघू नका. मुले आपले बोलणे विसरतात, वागणे उचलतात.

डोक्याला मार लागल्यावर मूल बेशुद्ध झाले, वारंवार उलट्या करू लागले, असंबद्ध बोलू लागले, गुंगीत जाऊ लागले, त्याला झटके आले अथवा नाका-कानातून रक्त वा पाणी आले, तर क्षणाचाही विलंब न लावता 112 वर संपर्क साधा. मान हलवू नका, तोंडाने काही देऊ नका. सुरुवातीला मूल ठीक वाटले तरी पुढील चोवीस तास त्याच्यावर लक्ष ठेवा.

सायकल मुलाला बळ देते, स्वावलंबन देते. ती हिरावून घेण्याचे कारण नाही. आज संध्याकाळी मूल सायकल काढण्यापूर्वी दोन मिनिटे काढून ही चार परीक्षणे करा.