चिनी आडनांवें

श्रोतेहो, शाळेंत हजेरी घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या मजसारख्या मास्तराला नांवांचें कुतूहल वाटावें, यांत नवल नाहीं. आपण आधीं स्वतःचें नांव सांगतों, मग वडिलांचें, व शेवटीं आडनांव. चिनी मनुष्य मात्र आधीं कुळ सांगतो, मग स्वतःस. जग ज्याला कन्फ्यूशियस म्हणून ओळखतें, त्या तत्त्ववेत्त्याचें आडनांव खुंग आणि नांव छ्यू. म्हणून तो खुंग छ्यू.

हीं आडनांवें आलीं कोठून? आपल्याकडे गांवावरून जशीं 'कर' लागून आडनांवें पडलीं, तशींच तेथें प्राचीन राज्यांवरून चेन, सुंग हीं पडलीं. शी हें दप्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांवरून, तर थाव हें कुंभारकामावरून आलें, असें मानतात. परंतु सर्वांत जुनीं आडनांवें यांहून निराळीं आहेत. जी, ज्यांग, याव यांच्या चिनी अक्षरांत 'स्त्री' हें चिन्ह आहे. फार काय, आडनांव या अर्थाचें जें अक्षर, तेंच मुळीं 'स्त्री' व 'जन्म' या दोन चिन्हांच्या जोडणीनें झालें आहे. यावरून कित्येक पंडित असें अनुमान करतात कीं, अतिप्राचीन काळीं कुळ आईवरून मोजीत असावेत.

पुढें कुळ बापावरून चालूं लागलें, आणि वाढतां वाढतां अफाट झालें. वांग, ली व चांग या तीन आडनांवांचेच आज २५ कोटींहून अधिक लोक आहेत. मोठ्या कुळांत नात्याचा पत्ता लागावा म्हणून अनेक घराण्यांनीं प्रत्येक पिढीचें एक अक्षर ठरवून ठेविलें. त्या पिढींतील सर्व भावांच्या नांवांत तें समान असे. कन्फ्यूशियसच्या घराण्यांत ७५ व्या पिढीचें अक्षर 'श्यांग', तर ७७ व्या पिढीचें 'ते'. चीनचे एके काळचे अर्थमंत्री खुंग श्यांगशी हे ७५ व्या पिढींतले, व खुंग तेछंग (१९२०–२००८) हे ७७ व्या. असे दोघे अनोळखी भेटले तरी कोण आजोबांच्या जागीं व कोण नातवाच्या, हें नांवावरूनच कळावें. मग पांढरे केस कोणाचेही असोत!

पण या वंशावळींत मुलींना बहुधा स्थान नसे. सून घरांत आली तरी तिचें माहेरचें आडनांव कायम राही, ही गोष्ट चांगली. परंतु तिची नोंद होई ती 'ली कुळांतली' एवढीच. तिचें स्वतःचें नांव सहसा कोणी लिहीत नसे. चीनमधील १९५० च्या विवाहकायद्यानें पतिपत्नींस आपापलें नांव वापरण्याचा हक्क दिला, आणि १९८० च्या कायद्यानें मुलाला आईचें आडनांवही लावतां येईल असें ठरलें.

हें वाचतांना मला माझ्या आईची आठवण झाली. चिनी सुनेचें आडनांव तरी उरे. आमच्या घरीं ताटांतल्या तांदळांत नवें नांव लिहिलें गेलें, आणि तिचें नांव व आडनांव दोन्ही पुसलीं गेलीं. हजारों मुलांचीं नांवें मीं पाठ केलीं; आईचें माहेरचें नांव मात्र तिच्या तेराव्या दिवशीं मामांच्या तोंडून प्रथम ऐकलें. श्रोतेहो, आपल्या घरीं वडीलधारी स्त्री असेल तर तिला तिचें माहेरचें नांव आजच विचारा, आणि घरच्या वंशावळींत लिहून ठेवा.