पुनर्वसूचा राक्षसी तारा आणि त्याचा ग्रह

(व्याख्यानाचा संपादित भाग)



पुनर्वसू हे नाव आपण दोन ठिकाणी ऐकतो. शेतकऱ्याच्या तोंडी, कारण पुनर्वसूचा पाऊस म्हणजे तरणा पाऊस. आणि लग्न जुळविताना, पत्रिकेत. परंतु पुनर्वसू ही आकाशातील खरीखुरी जागा आहे. आज तिच्याविषयी दोन शब्द सांगणार आहे.

फेब्रुवारी-मार्च महिन्यात रात्री आठ-नऊच्या सुमारास डोक्यावर पाहा. मृगाच्या ईशान्येला, तीन बोटांच्या अंतरावर दोन ठळक तारे शेजारी-शेजारी दिसतील. पांढरा तो कॅस्टर आणि किंचित नारिंगी तो पोलक्स. हा पोलक्स राक्षसी तारा आहे. आपल्यासारखे नऊ सूर्य एका ओळीत मांडावेत, एवढा त्याचा व्यास. तो जन्मतः एवढा नव्हता. गाभ्यातील हायड्रोजन संपला, तसे बाहेरचे थर फुगले आणि थंडावले; म्हणून त्याचा रंग नारिंगी. सुमारे पाच अब्ज वर्षांनी आपला सूर्यही याच वाटेने जाणार आहे.

या ताऱ्याभोवती गुरूसारखा वायूचा ग्रह फिरतो, असे २००६ साली जाहीर झाले. त्याचे वस्तुमान गुरूच्या निदान सव्वादोन पट आणि त्याचे वर्ष सुमारे ५९० दिवसांचे. त्यावर उभे राहायला जमीन नसणार. सारा हायड्रोजन आणि हेलियम. २०१५ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला थेस्टियास हे नाव दिले.

आपण विचाराल, चौतीस प्रकाशवर्षे दूरचा हा ग्रह कोणी पाहिला? कोणीही नाही. मग कळले कसे?

आपल्या मुली फुगडी खेळतात. एक अंगाने भारी, दुसरी हलकी असेल, तर हलकी मोठा फेरा घेते. पण भारी मुलगीही जागेवर स्थिर राहत नाही, तीही लहानसा फेरा घेतेच. समजा, अंधारात हलकी दिसलीच नाही, तरी भारीच्या डोलण्यावरून समोर कोणी आहे हे कळेल. पोलक्स असाच डोलतो. आगगाडी जवळ येताना शिटी चढी ऐकू येते, दूर जाताना उतरते. तसाच ताऱ्याच्या प्रकाशातही सूक्ष्म फरक पडतो. तो मोजला तेव्हा ताऱ्याचा वेग सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस मीटर निघाला, म्हणजे ताशी सुमारे दीडशे किलोमीटर. एखाद्या जलद गाडीएवढा! हे डोलणे १९९३ पूर्वीच लक्षात आले होते. तरी शास्त्रज्ञांनी घाई केली नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळातील नोंदी पडताळल्या आणि मगच ग्रहाचे नाव घेतले.

गोष्ट इथेच संपत नाही. २०२१ साली मिशेल ओरिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या ताऱ्याला अतिशय दुबळे चुंबकीय क्षेत्र आहे आणि त्याचे चक्र सुमारे ६६० दिवसांचे, म्हणजे ग्रहाच्या वर्षाच्या जवळपासचे आहे. मग डोलणे भासते ते ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागामुळे तर नसेल? ग्रह मुळात नसेलच तर? ग्रहाला नाव मिळून गेले होते, तरी हा प्रश्न कोणी दडपला नाही. तो उघडपणे छापला गेला.

बंधू-भगिनींनो, माझा सांगण्याचा मुद्दा हाच आहे. एका ताऱ्याविषयी एक वाक्य बोलण्यासाठी माणसे पंचवीस वर्षे मोजतात आणि शंका येताच पुन्हा मोजायला बसतात. आणि आपण त्याच नक्षत्राच्या नावाने काहीही न मोजता जुळत आलेले लग्न मोडतो! जन्मनक्षत्र पुनर्वसू म्हणजे काय? त्या वेळी चंद्र त्या बाजूला दिसत होता, एवढेच. चंद्राचा प्रकाश आपल्याकडे सव्वा सेकंदात पोहोचतो, पोलक्सचा चौतीस वर्षांत. दोघांचा एकमेकांशीच संबंध नाही, तर आपल्या मुलीच्या संसाराशी कुठून असणार?

म्हणून विनंती एवढीच, की येत्या फाल्गुनात मुलांना घेऊन गच्चीवर जा आणि तो नारिंगी तारा दाखवा. मुले विचारतील, "त्याला ग्रह आहे का?" तेव्हा सांगा, "मोजमाप चालू आहे. मोठे होऊन तुम्हीही मोजा."