कीटकनाशके आणि मित्रकीटकांचे वर्तन

(इंद्रवेल्ली येथे शेतकरी, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आपले गाव तेलंगणात असले, तरी येथील काळी जमीन, कापूस आणि अनेक घरांत बोलली जाणारी मराठी पैनगंगेपलीकडच्या यवतमाळशी नाते सांगतात. म्हणून यवतमाळात २०१७ साली जे घडले, ते आपणांस परके नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याची चौकशी झाली, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही आली. परंतु तोच फवारा ज्या शेतांवर पडला, तेथील उपयोगी कीटकांचे काय झाले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आज त्याचविषयी बोलावयाचे आहे.

आपण या विषाला ‘औषध’ म्हणतो. फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी झाडाखाली किती किडी मरून पडल्या, यावरून त्याचा गुण ठरवितो. ढालकिडे मेलेले दिसले नाहीत, तर औषध मित्रकीटकांना निर्धोक आहे, असेही मानतो. वस्तुतः जो कीटक मेला नाही, तो आपले काम करतो आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. हल्लीची अनेक कीटकनाशके मज्जातंतूंवर आघात करतात. मात्रा पुरेशी असेल तर कीटक मरतो. मात्रा अल्प असेल तर तो जगतो, पण त्याची वाट, वास ओळखण्याची शक्ती आणि स्मरण यांत बिघाड होतो.

मधमाशीचे उदाहरण घ्या. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी माश्यांच्या पाठीवर अतिसूक्ष्म खुणा चिकटवून, त्यांना थायामेथोक्झाम या कीटकनाशकाचा मारक नसलेला अंश पाजून दूर सोडले. विष न मिळालेल्या माश्यांच्या तुलनेत त्यांतील पुष्कळ अधिक माश्या पोळ्यात परतल्याच नाहीत. हा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. फुलोरा कोठे आहे, हे मधमाशी नाचून आपल्या सोबतिणींना सांगते. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इमिडाक्लोप्रिडचा अल्प अंश पोटात गेलेली माशी हा नाच कमी करते, असे त्याच २०१२ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळले. माशी विषारी फूल आपणहून टाळील, असे कोणी म्हणेल. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगांत ही दोन कीटकनाशके मिसळलेले साखरपाणी माश्यांनी टाळले तर नाहीच, उलट अधिक प्यायले. युरोपीय संघाने २०१८ साली या वर्गातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, त्यामागे अशीच निरीक्षणे होती.

आपल्या कपाशीशी अधिक जवळचा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. कपाशीचे पान उलटे करून पाहा. मधल्या शिरेवर एक बारीक ग्रंथी असते, तिच्यातून गोड रस स्रवतो. मुंग्या त्यासाठीच पानावर फिरतात. बोंडअळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्याही हा रस पितात. अळीने कुरतडलेल्या पानाचा आणि तिच्या विष्ठेचा वास घेत ही माशी अळीपर्यंत पोहोचते. तिचे सारे कसब नाकात, म्हणजे तिच्या मिशांत आहे. झाडाच्या रसात भिनणारी, म्हणजे आंतरप्रवाही, कीटकनाशके दिलेल्या कपाशीचा हा रस प्यायलेल्या माश्यांचे आयुष्य घटले. ज्या जगल्या, त्यांचीही अळी शोधण्याची क्षमता मंदावली. शेतकऱ्याच्या डोळ्यांना माशी उडताना दिसते. अळीला मात्र तिचे भय उरत नाही. एक राखणदार जागेवरच आहे, पण त्याला चोर ओळखू येत नाही, अशी ही अवस्था होय!

राखणदार कामावर असला म्हणजे काय होते, हेही कापूस पट्ट्याने पाहिले आहे. साधारण २००६ नंतर कपाशीवर पिठ्या ढेकणाने थैमान घातले. फवारे निष्प्रभ ठरू लागले असताना एनासियस नावाची एक परोपजीवी माशी आपोआप वाढली आणि तिने या किडीला पुष्कळ अंशी आवर घातला. २००९ साली शास्त्रज्ञांनी तिचे रीतसर वर्णन केले. तिने अंडे घातलेला ढेकूण पांढरा न राहता तपकिरी, कडक होतो. गुरुजनांना माझी विनंती आहे, की असे पान बाटलीत ठेवून तोंडाला कापड बांधावे. काही दिवसांनी त्या कवचातून माशी बाहेर येताना मुले स्वतः पाहतील.

बाटलीवरील रंगीत त्रिकोणाविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा क्रम ते विष माणसाला व जनावराला किती घातक, एवढेच सांगतो. हिरवा त्रिकोण पाहून मधमाशी सुरक्षित आहे, असे समजू नये. विक्रेत्यानेही तसे सांगू नये, हे अधिकारी मित्रांनी पाहावे.

मग फवारावेच नाही काय? तसे मी म्हणत नाही. बियाण्याला बहुधा आंतरप्रवाही औषधाचा रंगीत लेप आधीच दिलेला असतो. त्यावर पहिल्या दोन महिन्यांत पुन्हा तसलेच औषध मारण्याची घाई करू नये. याच काळात मित्रकीटक शेतात वस्ती करतात. रसशोषक किडी दिसू लागल्या तर प्रथम पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग, किंवा शेकडा दहा फुले अथवा बोंडे किडलेली आढळली, तरच कीटकनाशकाकडे वळावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड आरंभी मुळीच नको, कारण त्याने पांढरी माशी उसळते. पीक फुलावर असताना फवारणे भागच पडले, तर मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी फवारावे आणि शेजारी पेट्या असतील तर मालकाला आदल्या दिवशी कळवावे. ट्रायकोग्रामाची कार्डे लावावयाची असतील, तर ती पानाच्या खालच्या बाजूस, उन्हे उतरल्यावर टाचावी आणि लावण्यापूर्वी व नंतर किती दिवस फवारा थांबवावा, हे कृषी विस्तार अधिकाऱ्यांना विचारून मगच तारीख ठरवावी.